पबमागच्या कुरणात मैदान आखणारा एक डोळ्याचा गवंडी, आज तिथं कसोटी सामने होतात

२००७ चा इंग्लंड दौरा आठवतोय? नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खाननं दोन डावांत मिळून ९ बळी घेतले, भारतानं ती कसोटी जिंकली आणि पुढं २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिकाही जिंकली.

झहीरनं गाजवलेलं हे मैदान कुणा राजानं किंवा सरकारनं बांधलं नव्हतं. ते आखलं होतं एका गवंड्यानं. त्याचं नाव विल्यम क्लार्क.

क्लार्कचा जन्म १७९८ चा, नॉटिंगहॅमचाच. वडिलांसारखंच त्यानंही विटा रचायचं काम धरलं, पण जीव अडकला होता क्रिकेटमध्ये. पुढं फाइव्ह्ज नावाचा, हातानं चेंडू भिंतीवर मारायचा खेळ खेळताना चेंडू लागून त्याचा उजवा डोळा गेला. दुसरा कुणी असता तर खेळ सोडून घरी बसला असता. हा गडी मात्र खेळतच राहिला.

त्या काळात नॉटिंगहॅमचे सामने 'फॉरेस्ट' नावाच्या मोकळ्या जागेवर व्हायचे. कुणीही यावं, उभं राहावं, फुकट सामना बघावा. गर्दी हजारोंची, पण खेळणाऱ्यांच्या हाती त्यातलं काहीच लागायचं नाही.

१८३७ मध्ये क्लार्कनं मेरी चॅपमन या विधवा बाईशी लग्न केलं. ट्रेंट नदीच्या पलीकडं, पुलाजवळ असलेला 'ट्रेंट ब्रिज इन' हा पब त्या चालवायच्या. पबच्या मागं होतं कुरण. क्लार्कच्या डोक्यात तिथंच चक्र फिरलं.

१८३८ मध्ये त्यानं त्या कुरणात मैदान आखलं, कुंपण घातलं आणि आत यायला पैसे लावले.

हिशोब साधा होता. लोक सामना बघायला येतील, तिकीट काढतील आणि तहान लागली की पबमध्ये बसतील. पण आजवर फुकट बघितलेल्या खेळासाठी खिशात हात घालणं लोकांच्या काही पचनी पडेना. १८४० मध्ये इथं नॉटिंगहॅमशायर विरुद्ध ससेक्स असा सामना झाला, पण धंद्याचं गणित क्लार्कला हवं तसं जमलं नाही.

शेवटी १८४६ मध्ये तो लंडनला गेला. लॉर्ड्सवर एमसीसीच्या नोकरीत लागला. तेव्हा त्याचं वय होतं ४७! बाकीचे गोलंदाज हात खांद्याइतका उंच नेऊन वेगानं टाकायचे, हा मात्र जुन्या पद्धतीनं, हात खाली ठेवूनच संथ चेंडू टाकायचा. भलेभले फलंदाज त्याला फसायचे.

त्याच वर्षी त्यानं 'ऑल इंग्लंड इलेव्हन' हा संघ काढला. देशातले चांगले व्यावसायिक खेळाडू गोळा करायचे, नव्यानं पसरत चाललेल्या रेल्वेनं गावोगावी जायचं आणि स्थानिक संघांशी खेळायचं. समोर कधी १८ तर कधी २२ खेळाडू असायचे. अशाच सामन्यांत १८५३ च्या एका हंगामात क्लार्कनं ४७६ बळी घेतल्याची नोंद आहे.

इथं मात्र लोक पैसे देऊन आले. जे गणित ट्रेंट ब्रिजवर चुकलं होतं, ते देशभर जमलं.

पण या माणसाला दुसरी बाजूही होती. नफा स्वतःकडं ठेवायचा आणि खेळाडूंना ठरलेली रक्कम द्यायची, ही त्याची रीत. खेळाडूंमध्ये नाराजी वाढली आणि १८५२ मध्ये काहींनी बाहेर पडून 'युनायटेड ऑल इंग्लंड इलेव्हन' हा वेगळा संघ उभा केला. त्यात जॉन विस्डेन होता. हो, ज्याच्या नावानं क्रिकेटचं वार्षिक निघतं तोच.

२५ ऑगस्ट १८५६ ला क्लार्क लंडनजवळ वारला. वय ५७.

त्यानं आखलेलं मैदान मात्र टिकलं. नॉटिंगहॅमशायर काउंटीचं ते घर झालं. १८८६ मध्ये तिथं नवीन पॅव्हेलियन उभं राहिलं आणि १ जून १८९९ ला इंग्लंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया ही तिथली पहिली कसोटी सुरू झाली. डब्ल्यू. जी. ग्रेसची ती शेवटची कसोटी, तर विल्फ्रेड ऱ्होड्सची पहिली.

कुंपण घातल्यापासून त्या दिवसापर्यंत ६१ वर्षं गेली होती. क्लार्कला ते बघायला मिळालं नाही. पण पैसे मोजून सामना बघायची ज्या सवयीसाठी तो झगडला, त्याच सवयीवर आज आंतरराष्ट्रीय क्रिकेट उभं आहे. पुढं ट्रेंट ब्रिजच्या एका स्टँडला त्याचं नाव दिलं गेलं, आणि पबही मैदानाच्या शेजारीच उभा आहे.