मुळाचे माप आणि केल्स यांचा हात

दाताच्या मुळातील नळी किती खोल, हे पूर्वी अंदाजाने ठरे. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स (१८५६-१९२८) यांनी १८९९ मध्ये नळीत शिशाची तार घालून एक्स-रे काढला, खोली दिसली. यंत्र जुळवताना ते स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. कर्करोगाने बोटे गेली, मग हात. अखेर त्यांनी जीवन संपवले.

दुधाच्या दातात हे माप अधिक नाजूक. मुळे झिजत असतात, खाली कायमच्या दाताचा अंकुर असतो. सुई खोल गेल्यास त्याला इजा होऊ शकते. आता ‘एपेक्स लोकेटर’ विजेच्या साहाय्याने माप देतो, त्यामुळे एक्स-रे कमी लागतात. रत्नागिरीत मुलाचा एक्स-रे काढताना डॉक्टर बाजूला सरकतात, ती शिस्त केल्स यांच्यासारख्यांनी हात गमावल्यावर आली.