आनंदीबाई जोशी : दुखणे सांगायचे कुणाला?

रुग्णाशी आणि त्याच्या घरच्यांशी कसे बोलावे, हा आज परिचारिकांच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात मात्र आजारी स्त्रीला आपले दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगण्याची सोयच नव्हती. वैद्य पुरुष, डॉक्टरही पुरुष. काय होते आहे ते सासू सांगे किंवा नवरा सांगे. मध्ये पडदा असे आणि पडद्यापेक्षा जाड अशी लाज असे. ही कोंडी फोडण्यासाठी एक मुलगी कल्याणहून निघाली आणि थेट अमेरिकेला पोहोचली.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणच्या जुन्या पारनाका परिसरातले. जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, बिजवर होते आणि पत्नीहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोने शिकावे हा त्यांचा ध्यास. त्यापायी ते हातही उगारत, हे चरित्रकारांनी लपवलेले नाही. सुधारक म्हणून त्यांचे श्रेय मोठे आहे. पण ते देताना ही बाजू झाकणे योग्य ठरणार नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला. वैद्यक शिकण्याचा निश्चय या दुःखातून झाला, असे मानले जाते.

मार्ग मात्र विलक्षण योगायोगाने उघडला. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे पत्र एका अमेरिकन मिशनरी नियतकालिकात छापले गेले होते. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढे कलकत्त्याच्या वास्तव्यात आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा, मधूनच धाप. ही लक्षणे समुद्रापार कळली आणि कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. गुण आला नाही. हजारो मैलांवरून टपालाने औषध लागू पडावे तरी कसे? तरीही ज्या दुखण्याविषयी घरात मोकळेपणाने बोलणे अवघड, ते एका अनोळखी परदेशी बाईला सांगता आले, ही गोष्ट लहान नव्हे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. (हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे.) परपुरुष डॉक्टरपुढे आपली व्यथा उघड करायला स्त्रिया स्वभावतःच कचरतात, म्हणून देशाला हिंदू स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, असे त्यांनी मांडले. परदेशी जाऊनही आपण हिंदूच राहू, हेही त्यांनी निक्षून सांगितले. त्यानंतर दोनच महिन्यांत, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या पतीशिवाय अमेरिकेच्या प्रवासाला निघाल्या.

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामध्ये त्यांना प्रवेश मिळाला. तिथली थंडी आणि अन्न या दोहोंनी आधीच नाजूक असलेली प्रकृती आणखी खालावली. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचे मूल गमावलेल्या विद्यार्थिनीने हाच विषय घ्यावा, याचे नवल वाटत नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले; काळ हळूहळू कूस बदलत होता.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची नेमणूक अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागावर केली होती. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय ते हेच. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन. कोल्हापूरच्या त्या दालनातील एकाही बाईचे दुखणे ऐकून घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला जेमतेम महिना उरला होता.

परिचर्येच्या इतिहासात, प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव येते, ते १८९१ सालचे. म्हणजे आनंदीबाईंच्या मागे अवघ्या चार वर्षांनी रुग्णाच्या उशाशी बसणारी प्रशिक्षित स्वदेशी बाई तयार होऊ लागली.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पौकीप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, त्या ठेवण्यात आल्या.