वजाबाकीत 0.011 ग्रॅम उरले, अन् लॉर्ड रॅले यांना हवेत लपलेला वायू सापडला

आर्गॉन वायू बल्बमध्ये भरतात, वेल्डिंगला लागतो. प्रत्येक श्वासासोबत तो नाकात जातो. तरी 1894 पर्यंत त्याची ओळख कुणालाच पटली नव्हती. ती पटली एका साध्या वजाबाकीमुळे.

वजाबाकी करणारे होते लॉर्ड रॅले. मूळ नाव जॉन विल्यम स्ट्रट, जन्म 1842 चा, इंग्लंडमधल्या एसेक्सचा. घरची सरदारकी, पण लहानपणी तब्येत तोळामासा. तरी 1865 ला केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. आभाळ निळं का दिसतं, हे त्यांनीच गणितानं समजावलं. 1879 ला मॅक्सवेल यांच्यानंतर ते कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. पाच वर्षांनी टर्लिंगच्या घरी परतले. घरातल्याच लॅबमध्ये वायूंची वजनं करू लागले.

तिथंच घोळ झाला.

काचेच्या एकाच गोळ्यात हवेतून काढलेला नायट्रोजन भरला, तर वजन यायचं 2.310 ग्रॅम. रसायनांपासून बनवलेला भरला, तर सरासरी 2.299 ग्रॅम. फरक फक्त 0.011 ग्रॅम. दुसऱ्या कुणी मोजमापातली चूक म्हणून सोडून दिला असता.

आता गंमत बघा. कुठलंच मोजमाप तंतोतंत नसतं, थोडं मागेपुढे होतंच. हवेतल्या नायट्रोजनची वजनं सरासरीपासून 0.0003 ग्रॅमच्या आत हलत होती, रसायनांपासूनच्या नायट्रोजनची 0.0024 ग्रॅमच्या आत. दोन आकडे वजा केले, तरी त्यांच्यातल्या चुका वजा होत नाहीत. वाईटात वाईट काय होईल हे बघायचं, तर त्या बेरजेनं धरायच्या. म्हणजे चूक जास्तीत जास्त 0.0027 ग्रॅम. फरक तिच्या जवळपास चौपट!

म्हणजे चूक तराजूची नव्हती. मग एक तर रसायनातल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी हलकं मिसळलंय, नाहीतर हवेतल्या नायट्रोजनमध्ये काहीतरी जड.

1892 ला रॅले यांनी 'नेचर'मध्ये पत्र लिहून इतर शास्त्रज्ञांकडे मदत मागितली. पुढं रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅमसे सोबत आले. हवेतला नायट्रोजन त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियमनं नायट्रोजन शोषून घेतला आणि मागे थोडा जड वायू उरला. तोच आर्गॉन, हवेतला जेमतेम एक टक्का.

1904 ला रॅले यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं. रॅले यांनी बक्षिसाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली. 1919 मध्ये त्यांचं निधन झालं.