पापळचे भाऊसाहेब आणि गोठ्यातली वैरण

नांदगाव खंडेश्वर म्हटले की बाहेरच्या माणसाला खंडेश्वराचे जुने देऊळ आठवते. पण याच तालुक्यात पापळ नावाचे एक गाव आहे. २७ डिसेंबर १८९८ रोजी शामराव आणि राधाबाई या शेतकरी दांपत्याच्या पोटी तेथे एक मुलगा जन्मला. पुढे अवघे वऱ्हाड त्याला भाऊसाहेब म्हणू लागले. डॉ. पंजाबराव देशमुख ते हेच.

पापळ, अमरावती, पुण्याचे फर्ग्युसन आणि मग थेट विलायत असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. वैदिक वाङ्मयातील धर्म या विषयावर प्रबंध लिहून, बॅरिस्टर होऊन ते परतले. अशा माणसाने कोर्टात पैसा मिळवला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. भाऊसाहेबांनी मात्र अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह केला आणि मध्यप्रांताचे मंत्री असताना कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी कर्जलवाद कायद्याचा आग्रह धरला. १९३२मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी करून त्यांनी खेड्यातल्या पोरांना शाळा-कॉलेजची वाट मोकळी केली.

१९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. १९५५मध्ये भारत कृषक समाज स्थापन झाला, तर १९५९च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. याच दशकात कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचे मुख्य ठाणे आले आणि १९६२मध्ये झाशीला चारा संशोधनाची संस्था निघाली. गुरांच्या चाऱ्यावर शास्त्रज्ञांनी डोके चालवावे, ही गोष्ट तेव्हा अनेकांना नवलाची वाटली असेल.

पण त्यात नवल कसले? बैलापुढे कडब्याची पेंढी टाकली की तो खातो आणि निवांत बसून रवंथ करतो. मात्र कडब्यातला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, फोडण्याची ताकद बैलाच्या अंगात नाही. हे काम त्याच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले जिवाणू करतात. तिथल्या रसाच्या एका थेंबात ते कोट्यवधी असतात. चोथा कुजवून ते जी आम्ले तयार करतात, त्यांवरच जनावराची बहुतेक ताकद आणि दुधातली बरीचशी स्निग्धता उभी असते. म्हणजे गाय पोसायची, तर आधी तिच्या पोटातले हे गडी पोसायला हवेत.

चोथा भरपूर मिळाला की चोथा पचवणारे जिवाणू वाढतात. रवंथ चालते, लाळ सुटते, आंबटपणा आटोक्यात राहतो. धान्य किंवा पुरणपोळी एकदम पोटभर चारली, तर दुसऱ्याच जातीचे जिवाणू माजतात. पोटात आम्ल साचते, चोथा पचवणारे मरतात आणि जनावर चारा सोडते. पोळ्याच्या कौतुकात हे विसरू नये. उलट नुसत्या कडब्यावरही भागत नाही. त्यात नत्र कमी, म्हणून सरकीची थोडी ढेप जोडायची. वैरण बदलायची असेल, तर आठ-पंधरा दिवसांत हळूहळू बदलायची. नव्या चाऱ्याची सवय बैलाच्या जिभेला लागून भागत नाही, ती पोटातल्या जिवाणूंना लागावी लागते.

हे शास्त्र भाऊसाहेबांच्या हयातीतच आकार घेत होते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत ते गेले. १९६९मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले आणि त्याला त्यांचे नाव मिळाले.

आज वऱ्हाडात सोयाबीन आले, ज्वारी हटली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार त्याची जागा पुरती भरून काढत नाही. चारा विकत घेणे परवडत नाही, म्हणून कितीतरी गोठे रिकामे झाले. धुऱ्यालगत चार तास ज्वारी पेरली, तरी गाईच्या वैरणीला हातभार लागतो. पापळच्या या सुपुत्राची आठवण पुतळ्याला हार घालून जशी होते, तशी गव्हाणीत कडब्याची कुट्टी टाकूनही होईल.