चूक सांगावी कशी?

गेल्या नोव्हेंबरात आईला घेऊन हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. तिने यंत्रावर अंगठा टेकवला आणि पडद्यावर उमटला एक आकडा. नुसता आकडा! त्याचा अर्थ खिडकीपलीकडच्या मुलालाही ठाऊक नव्हता. तीन खेपांनंतर कळले, की जन्मभर भांडी घासून झिजलेल्या अंगठ्याऐवजी दुसरे बोट टेकवायचे होते. तोवर आपलेच काही चुकले, या समजुतीने आई कानकोंडी झालेली. त्या रात्री मला ग्रेस हॉपर आठवल्या.

या बाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सातव्या वर्षी घड्याळ चालते कसे हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली गजराची सात घड्याळे एकामागून एक खोलून ठेवली. १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली आणि वासर कॉलेजात त्या त्याआधीपासूनच शिकवत होत्या. महायुद्धात, १९४३ मध्ये, त्या नौदलाच्या राखीव दलात शिरल्या. तिथून त्यांची नेमणूक झाली हार्वर्डच्या ‘मार्क १’ या अवाढव्य गणनयंत्रावर.

९ सप्टेंबर १९४७ रोजी ‘मार्क २’ अडले. रिलेत पतंग सापडला. सहकाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि वेळ, पॅनेल, रिलेचा क्रमांक व कारण शेजारी टिपले. हा किस्सा बाई पुढे व्याख्यानांत रंगवून सांगत. मला मात्र पतंगापेक्षा ती नोंदच मोलाची वाटते. बिघाड कुठला, कुठे आणि कशामुळे, हे चार शब्दांत सांगून मोकळी!

यंत्राने माणसाच्या भाषेजवळ यावे, हा बाईंचा ध्यास होता. १९५२ मध्ये त्यांनी पहिल्या कंपायलरांपैकी एक रचला. पुढे त्यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ भाषेत साध्या इंग्रजी शब्दांनी आज्ञा देता येऊ लागल्या. संगणकाला इंग्रजी कुठून कळणार, अशी शंका घेणारे पुष्कळ होते. पण १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेली ‘कोबोल’ भाषा याच पायावर उभी राहिली आणि बँकांचे व्यवहार तिने दशकानुदशके सांभाळले.

१९८६ मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

माणसाचे बोलणे यंत्राला कळावे, म्हणून बाई झटल्या. यंत्राचे बोलणे माणसाला कळावे, हे काम आपल्याकडे उरले आहे. काय बिघडले आणि आता काय करायचे, एवढेच पडद्याने सांगावे. दुसरे बोट टेकवा, एवढे तीन शब्द दिसले असते, तर आई तीन खेपा आपल्या अंगठ्याकडे अपराध्यासारखी पाहत बसली नसती.