महास्फोटाचा सिद्धांत मांडणारे फादर जॉर्ज लमेत्र

मूल शाळेतून महास्फोटाचा सिद्धांत शिकून येते आणि घरी विचारते, मग उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवसांचे काय? आपल्यापैकी काही पालक तेव्हा गप्प बसतात, काही मुलालाच गप्प बसवतात. पण या सिद्धांताची मूळ कल्पना एका कॅथलिक धर्मगुरूची आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

फादर लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरवा या खाणींच्या शहरात झाला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकून ते इंजिनिअरिंगकडे वळले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि ते स्वखुशीने सैन्यात गेले. तोफखान्यात त्यांनी शौर्यपदकही मिळवले. युद्धानंतर गणितात डॉक्टरेट घेऊन ते सेमिनरीत दाखल झाले आणि १९२३ साली कार्डिनल मर्सिए यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे केंब्रिज व अमेरिकेत खगोलशास्त्राचा अभ्यास करून ते लूव्हाँ विद्यापीठात प्राध्यापक झाले.

विश्व स्थिर नसून प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ साली फारशा न वाचल्या जाणाऱ्या एका नियतकालिकात गणिताने मांडले. त्याच वर्षी त्यांची आइनस्टाइन यांच्याशी भेट झाली. गणित बरोबर असले तरी आइनस्टाइन यांना ते विश्वचित्र मुळीच पटले नाही. १९२९ साली हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि नंतर आइनस्टाइन यांनीही मत बदलले. (ज्याला हबलचा नियम म्हणत, त्याला लमेत्र यांचेही नाव जोडावे, अशी शिफारस जगातील खगोलशास्त्रज्ञांनी २०१८ साली मतदानाने केली. उशिरा का होईना!) १९३१ साली त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: सारे विश्व एका आद्य अणूपासून निघाले असावे. हा पाद्री विज्ञानाच्या आडून बायबलची उत्पत्तिकथाच आणतो आहे, असा संशय काहींना आला.

आम्हाला त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठा प्रसंग वाटतो, तो १९५१चा. त्या वर्षी २२ नोव्हेंबरला पोप बारावे पायस यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विश्वाला आरंभ आहे, या नव्या शोधात त्यांना निर्मात्याची साक्ष दिसली. अकादमीचे सदस्य असलेल्या फादर लमेत्र यांना खरे तर धन्य वाटायला हवे होते. परंतु ते अस्वस्थ झाले. वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्यावर श्रद्धा टेकवली, तर सिद्धांताबरोबर तीही डळमळेल. शिवाय त्यांचा देव यशया संदेष्ट्याने सांगितलेला, लपलेला देव होता. समीकरणाच्या शेवटी उत्तर म्हणून सापडणारा नव्हे. बायबल तारणाचा मार्ग दाखवते, पदार्थविज्ञान शिकवत नाही, ही त्यांची धारणा होती. व्हॅटिकन वेधशाळेचे प्रमुख फादर ओकॉनेल यांच्यापाशी त्यांनी आपली चिंता बोलून दाखवली. सप्टेंबर १९५२मध्ये रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोप महोदय बोलले, तेव्हा तो मुद्दा त्यांनी काढला नाही. आपल्याच बाजूने झालेल्या युक्तिवादाला हरकत घ्यायला किती धैर्य लागत असेल!

१९६० साली ते त्याच अकादमीचे अध्यक्ष झाले. १९६४च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्या सुमारास अमेरिकेत पेन्झियास व विल्सन यांना विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेले किरण सापडले होते. ही बातमी लमेत्र यांना एका सहकाऱ्याने रुग्णशय्येवर सांगितली. थोड्याच दिवसांनी, २० जून १९६६ रोजी, ते देवाघरी गेले.