विश्लेषण : न झुकणारे नायक लिहिणारा सोफोक्लीज स्वतः कुठे झुकला?

जगभरातल्या नाट्यशाळांत आजही शिकवलं जाणारं ‘राजा इडिपस’ हे नाटक अथेन्सच्या स्पर्धेत पहिलं आलं नव्हतं. त्या वर्षीचं पहिलं बक्षीस फिलोक्लीज नावाच्या नाटककाराला मिळालं होतं. त्याचं एकही नाटक आज पूर्ण उपलब्ध नाही. हरलेल्या सोफोक्लीजचं नाटक मात्र अजून चालू आहे, मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ या नावानं आणलं. नशिबापुढे हरणारे, पण मागे न हटणारे नायक ही सोफोक्लीजची ओळख. तो स्वतः मात्र राज्याचा खजिनदार होता, सेनापती होता आणि ऐंशी ओलांडल्यावर लोकशाही गुंडाळणाऱ्या प्रस्तावाला त्यानं मान्यता दिली, असं मानलं जातं.

(या लेखातली सगळी वर्षं इसवी सनापूर्वीची आहेत, म्हणून आकडे उतरत जातात.)

सोफोक्लीज कोण होता?

जन्म ४९६ च्या सुमारास, अथेन्सच्या वेशीबाहेरच्या कोलोनस गावात. वडील सोफिलस यांचा शस्त्रं आणि चिलखतं बनवण्याचा कारखाना होता. म्हणजे घर पैसेवाल्याचं, आणि युद्ध हा घरचा धंदा. ४८० मध्ये सॅलमिसच्या समुद्रात ग्रीकांनी बलाढ्य इराणी आरमाराला हरवलं. त्या विजयोत्सवात गाणाऱ्या मुलांच्या पथकाच्या पुढे हातात वाद्य घेऊन सोफोक्लीज होता. वय साधारण सोळा. अथेन्सचं वैभव त्यानं असं पहिल्या दिवसापासून पाहिलं आणि त्याची उतरणही जवळजवळ शेवटपर्यंत पाहिली.

नाटकांची स्पर्धा कशी व्हायची?

दरवर्षी वसंतात डायोनिसस देवाच्या उत्सवात अक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर नाटकं होत. तीन नाटककार निवडले जात आणि प्रत्येकाला तीन शोकांतिका व एक हलकंफुलकं नाटक सादर करावं लागे. ४६८ मध्ये अठ्ठावीसेक वर्षांच्या सोफोक्लीजनं थेट एस्किलसला हरवलं. प्रेक्षकांत इतकी चुरस होती की, परीक्षक म्हणून किमॉन आणि त्याच्या सहकारी सेनापतींनाच बसवण्यात आलं, असं प्लूटार्क सांगतो.

सोफोक्लीजनं सुमारे १२० नाटकं लिहिली, त्यातली ७ पूर्ण उरली. या उत्सवात तो किमान १८ वेळा पहिला आला आणि शेवटच्या क्रमांकावर कधीच गेला नाही, असं जुने चरित्रकार सांगतात. रंगमंचावर तिसरा नट त्यानं आणला. ऐकायला ही तांत्रिक सुधारणा वाटते, पण तिसरा माणूस आला की पहिल्या दोघांचं भांडण कुणीतरी ऐकत असतं आणि गप्प राहत असतं. ‘राजा इडिपस’मध्ये राणी जोकास्टा अशीच बाजूला उभी राहून इडिपस आणि निरोप्याचं बोलणं ऐकते आणि नवऱ्याच्या आधी सगळं समजून चुकते.

सेनापती असताना ‘अँटिगनी’?

४४३ मध्ये सोफोक्लीज अथेन्सच्या मित्रराज्यांकडून येणाऱ्या खंडणीच्या खजिन्यावर होता. ४४१ मध्ये तो दहा सेनापतींपैकी एक म्हणून निवडून आला. ‘अँटिगनी’ लोकांना इतकं आवडलं, की त्या जोरावर ही निवड झाली, अशी प्राचीन समजूत आहे. सेनापती म्हणून त्याच्याबद्दल पेरिक्लीजचं मत फारसं चांगलं नव्हतं. तो कवी बरा, डावपेचांत कच्चा, असं त्याला वाटे.

ही मोहीम सॅमॉस बेटाविरुद्ध होती. मित्रराज्यानं बंड केलं म्हणून अथेन्सनं त्याला नऊ महिने वेढा घातला, तटबंदी पाडली, जहाजं काढून घेतली. यात सोफोक्लीज राज्याच्या बाजूने होता. आणि त्याच सुमाराचं त्याचं नाटक राज्याच्या हुकुमाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या मुलीचं आहे.

अँटिगनीचा भाऊ परकं सैन्य घेऊन आपल्याच शहरावर चालून येतो आणि मरतो. राजा क्रेऑनचा हुकूम निघतो : देशद्रोह्याला मूठमाती नाही. अँटिगनी हुकूम मोडते, भावावर माती टाकते आणि जीव गमावते. आज वाचताना आपण लगेच तिच्या बाजूचे होतो. अथेन्सच्या प्रेक्षकांना ते इतकं सोपं नव्हतं. देशद्रोह्याला आपल्या भूमीत पुरायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच कायदा होता. त्यामुळे क्रेऑन त्यांना सुरुवातीला खलनायक नव्हे, तर आपल्यातलाच एक कडक अधिकारी वाटला असणार. नाटक पुढे सरकतं तसा तो मुलगा आणि बायको दोन्ही गमावतो. निष्ठा कुणाशी, घराशी की शहराशी, हा प्रश्न सोफोक्लीजनं शहराच्या भर चौकात विचारला. आणि त्याच शहरानं त्याला मोठमोठी पदंही दिली.

सगळं नशिबातच होतं, तर इडिपसचं काय चुकलं?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. इडिपस बापाला मारेल आणि आईशी लग्न करेल, हे भाकीत आधीच झालेलं आहे. नाटक सुरू होतं तेव्हा दोन्ही घडूनही गेलंय. प्रेक्षकांनाही गोष्ट पाठ होती. मग नाटकात उरतं काय?

उरतो तपास. थीब्ज शहरात रोगराई आहे, जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नाही. इडिपस स्वतः चौकशी हाती घेतो. आंधळा द्रष्टा त्याला टाळायला बघतो, राणी थांब म्हणून विनवते, म्हातारा धनगर बोलायला तयार नसतो. इडिपस थांबत नाही. भाकितात हे कुठेच नव्हतं. सत्य खणून काढायचं आणि कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घ्यायचे, हे त्याचे स्वतःचे निर्णय. अॅरिस्टॉटलनं शोकांतिकेचा नमुना म्हणून हेच नाटक पुन्हा पुन्हा समोर ठेवलं. अथेन्समध्ये ४३० मध्ये भयंकर साथ आली होती, पुढच्याच वर्षी त्यात पेरिक्लीज गेला. बरेच अभ्यासक हे नाटक त्यानंतरचं मानतात.

४११ मध्ये नेमकं काय झालं?

४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचं आरमार आणि सैन्य जवळपास संपलं. घाबरलेल्या शहरानं दहा ज्येष्ठांची सल्लागार समिती नेमली. सोफोक्लीज तिच्यात होता. दोन वर्षांनी लोकसभेचे अधिकार काढून ४०० जणांच्या हाती सत्ता देण्याचा प्रस्ताव आला आणि समितीनं तो मान्य केला. पुढे त्याबद्दल विचारणा झाली तेव्हा सोफोक्लीजनं काम वाईट होतं हे कबूल केलं, पण दुसरा बरा मार्ग नव्हता असं उत्तर दिलं. ही नोंद अॅरिस्टॉटलची. त्यातला सोफोक्लीज म्हणजे नाटककारच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

चारशेंची राजवट चार महिन्यांत कोसळली. अँटिगनीनं असं उत्तर दिलं नसतं. क्रेऑननं मात्र दिलं असतं.

यानंतरचं ४०९ मधलं ‘फिलॉक्टेटीज’ म्हणूनच वेगळं वाचावंसं वाटतं. पायाला भरून न येणारी जखम झालेल्या फिलॉक्टेटीजला सोबत्यांनी ओसाड बेटावर टाकून दिलंय. आता ट्रॉय जिंकायला त्याचं धनुष्य हवं आहे. ओडिसियस निओप्टॉलेमस या कोवळ्या मुलाला खोटं बोलून ते पळवायला लावतो. कारण देतो सैन्याच्या गरजेचं. मुलगा धनुष्य मिळवतो, मग त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि तो ते परत करतो. पंच्याऐंशी पार केलेल्या माणसानं हे लिहिलं आणि पहिलं बक्षीस घेतलं.

शेवट कसा झाला?

म्हातारपणी मुलांनी बापाला कारभार झेपत नाही म्हणून कोर्टात खेचलं आणि सोफोक्लीजनं लिहीत असलेलं नवं नाटक वाचून दाखवत खटला जिंकला, अशी गोष्ट सिसेरो सांगतो. ते नाटक ‘कोलोनसचा इडिपस’. आंधळा, बहिष्कृत इडिपस सोफोक्लीजच्याच गावात आसरा मागतो. थीब्जला त्याचा देह सीमेजवळ हवाय, पण बापाचं रक्त हातावर असल्यानं आपल्या मातीत नकोय. अथेन्स त्याला जागा देतं. हे नाटक सोफोक्लीजला रंगमंचावर बघता आलं नाही. त्याच्याच नावाच्या नातवानं ते ४०१ मध्ये सादर केलं.

युरिपिडीज गेल्याची बातमी आली तेव्हा सोफोक्लीजनं आपल्या नटांना डोक्यावर फुलांच्या माळा न घालता लोकांसमोर आणलं होतं. मग ४०६ च्या सुमारास तो स्वतः गेला, वय नव्वदच्या आसपास. घराण्याचं दफनस्थान डेकेलियाच्या रस्त्यावर होतं आणि डेकेलियात स्पार्टाची फौज ठाण मांडून होती. प्राचीन चरित्रकार सांगतो, की डायोनिसस देव स्पार्टाचा सेनापती लायसँडर याच्या स्वप्नात दोनदा आला आणि या माणसाला पुरू दे म्हणाला. लायसँडर त्या वेळी तिथे नव्हताच, असं इतिहासकार दाखवून देतात. कथेत मात्र तो चौकशी करतो, कोण मेलंय ते त्याला कळतं आणि शत्रूच्या परवानगीनं सोफोक्लीजची अंत्ययात्रा वेशीबाहेर पडते.